पॉलिश करूनही गाडी महिन्याभरात पुन्हा पांढरट पडते: पॉलिश, ग्लेझ की वॅक्स?

जुनी अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, काँटेसा नाहीतर महिंद्राची जीप ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांची तक्रार बहुतेक एकच असते. दिवाळीला पॉलिश करून घेतली, आठ-पंधरा दिवस चकाचक दिसली आणि संक्रांत यायच्या आत बॉनेट अन् टप पुन्हा पांढरट. मग पुन्हा पॉलिश, या वेळी जरा दमदार कंपाउंड. चार-पाच वर्षं हे असंच चाललं की एक दिवस बॉनेटच्या कडेला तांबूस रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाखालचा प्रायमर, दिसायला लागतो. तिथला रंग संपलेला असतो.

यात डब्याचा दोष क्वचित असतो. दुकानात ‘पॉलिश द्या’ म्हटलं की चार वेगळ्या कामांच्या चार वस्तू त्याच नावाने पुढे येतात. रबिंग कंपाउंड रंग जाडसर तासतो. पॉलिश बारीक तासतं. ग्लेझ तासत नाही, रंगाला तेल देतं. वॅक्स आणि सीलंट यातलं काहीच करत नाहीत, ते फक्त वरून पातळ थर चढवतात. शिवाय क्लीनर वॅक्स नावाचा प्रकार आहे, त्यात तासणारी भुकटी आणि वॅक्स एकत्र असतं. घाईच्या वेळी ते सोयीचं खरं, पण वॅक्स समजून दर महिन्याला लावलं तर दर महिन्याला थोडाथोडा रंग फडक्यावर निघून जातो. डब्यावरचं नाव बाजूला ठेवा आणि चिमूटभर माल दोन बोटांत चोळून पाहा. जरा जरी खरखर लागली तरी तो तासणारा आहे. न लागली म्हणून मात्र नि:शंक होऊ नका, काही पॉलिशमधली भुकटी बोटाला कळत नाही इतकी बारीक असते.

आधी अंगावर रंग कोणता आहे ते पाहा

याशिवाय कोणताही डबा उघडू नये. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं बारीक पॉलिश घ्या आणि डिकीच्या झाकणावर तळहाताएवढ्या जागेत चोळा. गाडी पांढरी असेल तर काळं फडकं घ्या, नाहीतर काही दिसणार नाही. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकाच थराचा आहे, वर पारदर्शक क्लिअर कोट नाही. फडकं नुसतं मळलं, रंग लागला नाही, तर वर क्लिअर आहे. ही तपासणी दर पत्र्याला वेगळी करा. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीचं एखादं मडगार्ड किंवा दार मध्येच कधीतरी रंगवलेलं असतंच आणि डाव्या दाराला चालणारा उपाय उजव्याला चालेलच असं नाही.

एकथरी रंगातही तीन जाती आहेत. दाराच्या चौकटीत किंवा डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा दहा सेकंद टेकवा आणि पुसा. रंग लगेच विरघळून कापसावर आला तर तो एनसी, म्हणजे आपले जुने पेंटर ज्याला ड्युको म्हणतात तो. लगेच विरघळला नाही, पण थोड्या वेळाने फुगला, सुरकुतला, तर सिंथेटिक एनॅमल. खेड्यापाड्यांतल्या जीपा आणि ट्रॅक्टर ज्याने रंगवतात तोच हा. काहीच झालं नाही तर हार्डनर घालून मारलेला टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) समजा. थिनर कापसातून टपकेल इतका घेऊ नका, खाली ओघळला की ओघळाची रेघ कायमची राहते.

पांढरट का पडतो

रंगात दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याची भुकटी आणि ती धरून ठेवणारं रेझिन. उन्हातले अतिनील किरण वरच्या थरातलं रेझिन मोडतात आणि भुकटी मोकळी होते. बोट फिरवलं की बोटाला लागते ती हीच. क्लिअर कोट नसला की हा मारा थेट रंगावर येतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या काळ्या किंवा गर्द रंगाच्या बॉनेटचा पत्रा ७५ अंशांच्या आसपास तापतो. टप, बॉनेट, डिकी आणि मडगार्डचा वरचा भाग आधी जातो, दारं नंतर. जुना लाल रंग सगळ्यांत लवकर हरतो, आधी विटका, मग गुलाबीसर.

आता पॉलिशवाल्याकडे काय होतं ते पाहा. कंपाउंडने तो मेलेला थर काढतो, खालचा ताजा रंग वर येतो, कंपाउंडमधल्या तेलाने तो आणखी गर्द दिसतो आणि गाडी तुमच्या ताब्यात येते. पंधरा दिवसांत ते तेल उडून जातं. खालचा रंग उघडा आहे, त्याच्यावर काहीच नाही. पुढच्या उन्हात तोही मरतो. म्हणजे दर खेपेला चांगला रंग काढून उन्हाला दिला जातो. भेगाळलेली टाच नुसती दगडाने घासत राहिलं आणि तेल लावलंच नाही, तर जे व्हायचं तेच इथे होतं.

म्हणून जुन्या एनॅमलला किंवा ड्युकोला पॉलिश आणि वॅक्स यांतलं एक निवडायचं हा प्रश्नच अपुरा आहे. त्याला आधी तेल लागतं, मग वॅक्स. तासणं कमीत कमी आणि शेवटचा पर्याय म्हणून.

कोरड्या एनॅमलचं आणि ड्युकोचं काम

दिवस थंडीचे निवडा, कार्तिकापासून माघापर्यंत. दोन सकाळी हाताशी ठेवा. लागणारा माल असा: न तासणारं, सिलिकॉन नसलेलं ग्लेझ (मेग्वायर्सचं नंबर ७ शो कार ग्लेझ जुन्या गाड्यांच्या लोकांत याच कामासाठी माहीत आहे), क्लीनर नसलेलं कारनौबा (ताडाच्या जातीच्या झाडाचं कडक मेण) पेस्ट वॅक्स, चार-पाच जुने पण धुतलेले सुती टर्किश टॉवेल, मायक्रोफायबरची तीन-चार फडकी आणि मास्किंग टेप. टॉवेलची शिवलेली कड कापून टाका, ती रेघ मारते. बनियनची शिवणसुद्धा.

धुताना पहिली दहा मिनिटं गाडीला हात लावू नका. काळ्या मातीची धूळ मऊ दिसते, पण तिच्यात वाळूचे कण असतात आणि सुकं फडकं फिरवलं की तेच रंगावर घासले जातात. गाडीवरच्या गोल गोल रेघांपैकी बऱ्याचशा रोजच्या ‘जरा झटकून घेतो’ मधून येतात. फवारणीचा १६ लिटरचा बॅटरी पंप या कामाला फार सोयीचा आहे, बारीक फवाऱ्याने आधी धूळ भिजवून खाली उतरवता येते. तो पंप फक्त गाडीसाठी वेगळा ठेवा. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेला पंप तीनदा धुतला तरी नळीत आणि नोझलमध्ये औषध राहतंच. मग १० लिटर पाण्यात ३० मिली कार शॅम्पू आणि शेजारी साध्या पाण्याची दुसरी बादली, फडकं दर वेळी तिच्यात पिळून घ्यायला.

गाडी कोरडी झाली की टेपने बॉनेटवर फूटभराचा चौकोन आखा आणि पूर्ण काम आधी तिथेच करून पाहा. चौकोन मनासारखा झाला तरच पुढे जायचं.

टॉवेलची हाताएवढी घडी करा, तिच्यावर सढळ हाताने ग्लेझ घ्या. अँबॅसेडरच्या बॉनेटला ४० ते ५० मिली लागतं, इथे काटकसर करू नका. सरळ पुढे-मागे, पत्र्याच्या लांबीच्या दिशेने, पाच-सात मिनिटं चोळा. टॉवेलवर रंग येईल. ती मेलेली भुकटी आहे, टॉवेलचा खरबरीतपणाच ती उचलतो, म्हणून इथे मायक्रोफायबर नको. टॉवेल रंगाने भरला की घडी पलटा, नाहीतर काढलेली भुकटी पुन्हा तिथेच चोळली जाते. शेवटी जाडसर थर तसाच राहू द्या आणि गाडी सावलीत रात्रभर, १२ ते १६ तास, उभी ठेवा. शेजारी मळणी यंत्र चालू असेल किंवा कुटार उडत असेल तर त्या दिवशी हे काम काढूच नका, सगळं कुटार ओल्या ग्लेझला चिकटतं.

दुसऱ्या सकाळी जुन्या थरावरच थोडं नवीन ग्लेझ घेऊन पुन्हा चोळा आणि ओलं असतानाच स्वच्छ फडक्याने पुसून काढा. फरक बॉनेटवर तिरप्या उजेडात दिसेल: पांढरट झाक जाऊन रंगाला खोली येते. लाल आणि काळ्या गाडीला आणखी एक रात्र द्यावी लागते. एवढ्यावरही मंद दिसत असेल तर एकदम बारीक फिनिशिंग पॉलिश, मऊ फोमवर, हाताने, एका जागेवर चार फेऱ्यांपेक्षा जास्त नाही. आधी उठावाच्या रेघा आणि कडा टेपने झाका. अँबॅसेडरच्या बॉनेटच्या मधला उंचवटा आणि मडगार्डची धार इथे रंग सगळ्यांत पातळ असतो.

जुन्या, क्लिअर नसलेल्या मेटॅलिक रंगाला मात्र हे पॉलिशही करू नका. त्यात ॲल्युमिनियमचे कण उघडेच असतात, फडकं करडं-काळं होतं आणि पत्र्यावर ढगांसारखे डाग उमटतात. तिथे ग्लेझ आणि वॅक्स, बस्स.

वॅक्स पातळ लावायचं. अख्ख्या अँबॅसेडरला २० ते २५ ग्रॅम पेस्ट पुरते, त्याहून जास्त लागलं तर ते फडक्यावरच गेलं. दहा-पंधरा मिनिटांनी पांढुरकं झालं की बोट ओढून पाहा: बोटाखाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायला तयार, फराटा ओढला गेला तर थांबा. दुसरा हात एक दिवसाने. रबराच्या बीडिंगवर वॅक्स लागलं तर सुकल्यावर पांढरं दिसतं आणि निघता निघत नाही, म्हणून तिथे आधीच टेप. क्रोमच्या बंपरला हेच वॅक्स चालतं, कंपाउंड चालत नाही.

टू-के पीयू आणि क्लिअर कोट असेल तर

हा रंग तेल पीत नाही, त्याला ग्लेझ दिलं तरी ते वरच राहतं. इथे बारीक पॉलिशने रेघा काढायच्या, तेलकटपणा पूर्ण पुसायचा आणि सिंथेटिक सीलंट लावायचं. सीलंट पत्र्याला धरतं तेव्हाच टिकतं, खाली तेल असेल तर धरत नाही. ग्लेझ मारून त्यावर महागाचं सीलंट लावणारे पुष्कळ आहेत, आणि ‘सीलंट दोन धुण्यांत गेलं’ ही तक्रारही त्यांचीच असते. थोडक्यात, ग्लेझवर कारनौबा, कोऱ्या पीयूवर सीलंट. सीलंटवर शोभेसाठी कारनौबा चालतं, उलटं नाही.

विदर्भातल्या उन्हाळ्यात सीलंट कारनौबापेक्षा सरस ठरतं हे मान्य केलं पाहिजे. निव्वळ कारनौबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं, पण डब्यातलं वॅक्स निव्वळ नसतं. त्यात मऊ वॅक्स, तेल आणि द्रावक असतात, मधमाश्यांचं मेण ६२ ते ६५ अंशांनाच वितळतं. एप्रिल-मेमध्ये बॉनेट ७५ अंशांवर गेलं की ते मिश्रण मऊ पडतं, धूळ धरतं आणि उडतं. हिवाळ्यात दोन-अडीच महिने टिकणारा हात मे महिन्यात तीन-चार आठवड्यांवर येतो. ज्यांची गाडी पीयूची आहे त्यांनी होळीच्या आत सीलंट लावून मोकळं व्हावं.

नवीन रंगाला घाई नको. टू-केला निदान ३० दिवस, हवेवर वाळणाऱ्या एनॅमलला ६० ते ९० दिवस वॅक्स लावू नका. आतलं द्रावक बाहेर पडायचं असतं, ते कोंडलं की रंग मऊ राहतो आणि चमक मंदावते.

सगळं नीट केलं तरी परत येतं, तेव्हा

सगळ्यात आधी रोज कशाने पुसता ते पाहा. डिझेलच्या किंवा रॉकेलच्या फडक्याने पुसलं की गाडी तासभर ओली चमकते, म्हणून ही सवय सुटत नाही. पण रॉकेल वॅक्स धुऊन काढतं, एनॅमल मऊ करतं, बीडिंगचं रबर फुगवतं आणि तेलकट थरावर संध्याकाळपर्यंत धूळ बसते. खोबरेल तेलाचंही तेच, फक्त वास चांगला. जवसाचं तेल या सगळ्यांत वाईट: ते वाळून पिवळसर चिकट पापुद्रा होतो आणि मग तो काढायला कंपाउंडच लागतं. शिवाय जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. टिनाच्या शेडमध्ये, कडब्याशेजारी, हा खेळ नको.

कपड्यांची पावडर हे दुसरं कारण. ती अल्कधर्मी असते, दर धुण्यात वॅक्स कमी होत जातं. पाणी अंगावर मणी होऊन ओघळायचं थांबलं आणि पत्र्यावर पसरायला लागलं की वॅक्स गेलं असं समजा, मग ते दोन महिन्यांचं असो की दोन आठवड्यांचं.

तिसरं, तापलेल्या पत्र्यावर काम. टिनाचं शेड सावली देतं, गारवा देत नाही, दुपारी तिथलाही पत्रा तापलेला असतो. हाताची पालथी बाजू बॉनेटवर दहा सेकंद निवांत टेकवता आली तरच डबा उघडा. नाहीतर वॅक्समधलं द्रावक लगेच उडतं, पेस्ट पट्ट्यापट्ट्यांनी वाळते आणि पुसताना फराटे राहतात. झालंच तर त्याच जागी ताजं वॅक्स चोळून लगेच पुसा, जुनं मऊ होऊन सुटतं.

पांढरट झाक सगळीकडे नसून ठिपक्याठिपक्यांची असेल तर तो रंगाचा आजार नाही, बाहेरून आलेला डाग आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात सुकू दिली की दर थेंबाच्या जागी क्षाराचं कडं उरतं. वॅक्स असताना थेंब मण्यासारखा उभा राहतो, त्यामुळे कडं उलट जास्त ठळक येतं, म्हणून वॅक्सलाच दोष दिला जातो. धुणं बोअरच्या पाण्याने करा, पण शेवटचे पाच-सहा लिटर आरओच्या जारमधलं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा आणि लगेच टिपून घ्या. पडलेल्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, भिजवलेलं फडकं एक-दोन मिनिटं ठेवायचं, मग भरपूर पाणी. त्या जागी वॅक्स पुन्हा लावावं लागतं, हे विसरू नका.

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बगीच्याजवळ गाडी लावणाऱ्यांना निळसर-पांढरे ठिपके दिसतात, ते बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचे. मोर्चूद आणि चुना, दोन्ही. नखाने खरवडू नका, वरचाच व्हिनेगरचा उपाय दोनदा करा. गडचांदूरकडच्या सिमेंटच्या धुळीला दव लागलं की तीही पत्र्यावर धरते. ती दव पडण्याआधी, संध्याकाळीच, पाण्याने उतरवलेली बरी. वणी-घुग्घूसच्या कोळशाच्या धुळीचं तसं होत नाही, पण ती सुक्या फडक्याने पुसली की रेघा हमखास.

दसऱ्याच्या पूजेचं हळदीकुंकू हा एक वेगळाच मामला. ओल्या हळदीचं स्वस्तिक कोरड्या, वॅक्स नसलेल्या एनॅमलवर काढलं की रंग आत मुरतो. हळदीचा पिवळा डाग उन्हाने काही दिवसांत विटतो, त्याच्यामागे कंपाउंड घेऊन लागू नका. कुंकवातला रंग तसा जात नाही. पूजेच्या चार दिवस आधी वॅक्सचा एक हात दिलेला असला की दुसऱ्या दिवशी दोन्ही साध्या शॅम्पूने निघतात. नारळाचं पाणी मात्र त्याच दिवशी धुवा.

किती वेळा काय करायचं: ग्लेझ वर्षातून एकदा, दिवाळीनंतर. वॅक्स त्या ग्लेझवर लगेच, मग होळीला आणि मृग लागायच्या आधी. उन्हात उभी राहणारी एनॅमलची गाडी असेल तर मे महिन्यात बॉनेट-टपावर आणखी एक हात. बारीक पॉलिश दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही गरज असेल तर. कंपाउंड वेळापत्रकात नाहीच.

काही ठिकाणी यातलं काहीच लागू पडत नाही. ड्युकोला बारीक जाळीदार भेगा पडल्या असतील तर पॉलिश भेगांत जाऊन पांढरं होतं आणि गाडी आधीपेक्षा वाईट दिसते. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटत असतील तर सुटलेली कड कशानेही परत बसत नाही. रंगाखाली फुगे आले असतील तर आत गंज आहे. तिन्हींना डेंटिंग-पेंटिंग हाच उपाय. आणि पुढेमागे रंग द्यायचा विचार असेल तर आजपासून डॅशबोर्ड-टायरला लावायचं सिलिकॉनचं पॉलिश बाहेरच्या पत्र्यावर फिरवणं बंद करा. सिलिकॉन राहिलेल्या जागी नवीन रंग धरत नाही, मारता मारता गोल खड्डे पडत जातात. आधीच लावलेलं असेल तर पेंटरला तसं स्पष्ट सांगा, म्हणजे घासायच्या आधी तो वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने दोनदा पुसून घेईल. आधी घासलं तर घासायच्या पेपरबरोबर सिलिकॉन सगळ्या पत्र्यावर पसरतं.